बेंजोवरचा टॉवेल

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. टपरीवर चहात साखर कमी पडली तरी टपरीवाल्याच्या मनात काय आहे ते मी शोधत बसतो.

नव्वदच्या दशकात घोडेगावात आमची बेंजो पार्टी होती. बेंजो माझ्याकडे, म्हणून मी मास्तर. डाव्या हाताने त्याची बटणं दाबायची, उजव्याने तारा छेडायच्या. लग्नसराईत टेम्पोवर स्पीकर बांधून आम्ही वरातीपुढे वाजवायचो. शहरातली पोरं ज्याला रॉक बँड म्हणतात तो आमच्या आवाजात सहज बुडाला असता. कीबोर्डवर दहा वर्षं एकच माणूस होता. हात गोड, बोलणं कमी. कमी बोलणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास बसला नाही.

दहाव्या सराईत तो वाजवताना सारखा माझ्या बोटांकडे बघायला लागला. वरात सुरू करायची आमची एक खास चाल होती, मी बांधलेली. तिची वळणं मी ऐन वेळी बदलायचो, आणि लोक त्यावरच खूश असायचे. मला वाटलं, हा वळणं उचलतोय, पुढच्या वर्षी स्वतःची पार्टी काढणार. जुने सनईवाले समोर परका वादक दिसला की बोटांवर उपरणं टाकायचे, असं लहानपणी ऐकलं होतं. एका वरातीत मीही बेंजोच्या बटणांवर टॉवेल टाकला. बाकीचे विचारायला लागले तर घाम पुसायला असू दे म्हणालो. तो नुसता टॉवेलकडे बघत राहिला.

त्याच वरातीत तो दोनदा चुकला. मी वळण घेतलं तरी हा मागच्याच ओळीवर. नवरदेवसुद्धा घोड्यावरून वळून बघायला लागला. मुद्दाम नाव घालवतोय, याबद्दल मला तिळमात्र शंका राहिली नाही. चार दिवसांनी त्याचा निरोप आला, की आता येत नाही. पुढच्या लग्नांच्या सुपाऱ्या घेऊन ठेवलेल्या, आणि कारण म्हणून एक शब्द नाही.

महिन्याभराने बेल्ह्याच्या बैलबाजारात एका टेम्पोतल्या कॅसेटवर माझी चाल ऐकली, वळणांसकट. ड्रायव्हर म्हणाला, कुठल्याशा लग्नात कुणीतरी भरून घेतलीय. मी कशाला विश्वास ठेवतोय! माझं डोकंच फिरलं. जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो, की आमच्या कीबोर्डवाल्याने चाल विकली.

आमच्याकडच्या पार्ट्या सराईआधी ओझरला वाद्यं घेऊन जायच्या, गणपतीपुढे नारळ फोडायच्या. आपसातले तंटेही तिथेच मिटायचे. त्या वर्षी तीन जुने मास्तर आमच्यासाठी बसले. माझं म्हणणं एवढंच, की त्याने नारळावर हात ठेवून ही चाल कुठेही वाजवणार नाही असं सांगावं, नाहीतर कुठल्याच पार्टीने त्याला घेऊ नये. वाजवण्याशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं.

मी बोलत होतो तेव्हा तो एकटक माझ्या तोंडाकडे बघत होता. काय निगरगट्ट माणूस आहे, असं मनात आलं. त्याच्या डाव्या बाजूला बसलेल्या मास्तरांनी विचारलं, शपथ घेणार का. तो गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं, तरी गप्प. मी म्हणालो, बघा, चोराला उत्तर सुचत नाही. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तो दचकून अख्खा त्यांच्याकडे वळला.

"या डाव्या कानानं दोन वर्सं झाली, काय ऐकू येत न्हाई," तो म्हणाला. "दुसराबी चाललाय. सांगितलं असतं तर काढलं असतं. आमच्या मास्तरांची बोटं बघून वाजवत व्हतो. मास्तर, तुमी टॉवेल टाकला, मग मी काय बघून वाजवू?"

कुणी सांगायच्या आत त्याने नारळावर हात ठेवला. चाल मास्तरांचीच हाय, मी न्हाई वाजवणार, म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी परत ये म्हणालो, टॉवेल काढून टाकतो म्हणालो. माझ्या ओठांवरून त्याला ते कळलं असावं. त्याने मान हलवली आणि चपला घालून निघून गेला. पुढे तो कुठल्याच पार्टीत दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवर स्पीकर बांधताना मी त्याच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. मोठा स्पीकर थेट डाव्या कानाशी येत होता. दहा वर्षांपूर्वी ती जागा मीच त्याला ठरवून दिली होती. तिथे आवाजात कुणाशी बोलता येत नाही, म्हणजे तो बाहेरच्या लोकांशी परस्पर काही ठरवणार नाही, एवढाच माझा विचार होता.