वारं पडलं तर

आज नववीचे पेपर तपासायला घेतले. ‘कवितेत वारा कशाचे प्रतीक आहे?’ या प्रश्नाला वर्गातल्या सगळ्या मुलींनी एकच उत्तर लिहिलं होतं : आयुष्यातल्या संकटांचं. बरोबरच आहे, मीच शिकवलंय. पण ते वाचताना भाताच्या तुसाचा, घशात खवखवणारा वास आला.

पंच्याण्णव साल असेल. मुरगूडजवळच्या आमच्या खळ्यावर आई तीन पायांच्या उंच वावडीवर भरलेलं सूप धरून उभी होती. भात वाऱ्याला द्यायचं होतं, पण पान हलत नव्हतं आणि गगनबावड्याकडे ढग काळवंडत होते. खाली बसून मी हेच उत्तर मोठ्यानं पाठ करत होते.

“वारं म्हंजे संकट? कोन म्हनतंय असं?” आईनं वरूनच विचारलं.

“आमच्या बाई.”

“मग बाईंस्नी इचार की, वारं पडलं तर दाणं कशानं निवडायचं?”

तेवढ्यात झुळूक आली. आईनं सूप तिरकं केलं. तूस माझ्या वहीवर उडालं, दाणे तिच्या पायाशी पडले.

बाईंना मी विचारलं नाही; आईचं अडाणी बोलणं वर्गात सांगायची लाज वाटली.

आता बाई मीच आहे. लाल पेन हातात धरून कधीची थांबलेय, आई सूप धरून थांबली होती तशी.