नाव नसलेलं ताट

“मावशी, ते ताट हरवलं!” कंधारचे शिंदे सर माझ्या टेबलासमोर घामाघूम उभे. “अन् फोन हौदात पडला.”

मी नांदेडात भांड्यांवर नावं टाकते. मशीन चालवायला माझी मीच शिकले. सर शाळेत गणित शिकवतात. चार वर्षांची बचत त्यांनी क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या नाण्यांत ठेवलेली. तिथं बँक न्हाई, मॅनेजर न्हाई. किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. फोन गेला तर ते नव्या फोनात टाकायचे. शब्दच गेले तर रामराम! कागद भिजतो, किल्ली सांभाळायचं यंत्र लई महाग. म्हणून सरांनी ते शब्द माझ्याकडून ताटाच्या बुडाला कोरून घेतलेले. मी सवयीनं विचारलं होतं, “नाव कुणाचं टाकू?”

“नाव नकोच मावशी. गुपित हाय.”

गुपित इतकं, की बायकोलाही सांगितलं न्हाई. तिनं शेजारच्या साखरपुड्याला ताटं दिली. नावाची सगळी परत आली, बिननावाचं तेवढं राहिलं.

“तुम्हाला शब्द आठवतात का, मावशी?”

“न्हाई बाबा. आठवले असते तर तुम्हाला झोप लागली असती का?”

टेबल आवरलं, सरांबरोबर कंधारची बस धरली. बेवारस भांडी कुठं जातात, हे मला ठाऊक. मारुतीच्या देवळात, भंडाऱ्याच्या ढिगात. एकेक ताट उलटं करत गेलो. ढीग संपला. त्यात आपलं ताट न्हाई.

कोपऱ्यात एक आजी तांदूळ निवडत होती. म्हटलं, “आजी, तुमचं ताट बघू द्या की.” तिनं तांदूळ सुपात ओतले. बुडाला माझंच अक्षर!

“मंत्र हाय का काय?” आजीनं विचारलं.

“हाव,” सर म्हणाले. “आमच्या घरचा.”

नव्या फोनात शब्द टाकले. पैसे जागेवर. पण ताट इतक्या हातांतून फिरलेलं, म्हणून सरांनी नव्या बारा शब्दांचं दुसरं खातं उघडून पैसे तिकडं हलवले. त्याला फी लागते, अन् नेटवर्कवर गर्दी असली की ती चढते. म्हणून हलवण्याआधी दोन दिवस गर्दी ओसरायची वाट पाहिली.

पुढच्या आठवड्यात सर शाळेतले चार मास्तर घेऊन हजर, सगळ्यांना ताटावर आपापले शब्द कोरायचे. एकाचे शब्द माझ्या डोळ्यांखालून गेले, ठीक. साऱ्या शाळेचे? न्हाई जमायचं. मशीन त्यांच्याच हातात दिली अन् पाठ फिरवून चहा ठेवला. अक्षरं वाकडीतिकडी आली. येऊ द्या.

नाव मात्र मीच टाकते, अन् तेही बायकोचं. घरातलं ताट कुठं जातं, ते तिलाच ठाऊक असतं.