औटीबाईंचा खुलासा

औटीबाई शाळेत आल्या की आधी खिचडीच्या तांदळाचं पिंप उघडायच्या, स्वतःचा मोबाइल आत ठेवायच्या आणि झाकण दाबून लावायच्या. "वाजू दे तिथंच. पोरं आली की मला दुसऱ्याचं ऐकू येत न्हाई." मी नोकरीत नवा होतो, मोबाइलमधलं सगळं मला जमायचं. मला हा अडाणीपणा वाटायचा.

आमची शाळा आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका वाडीत. भात-नाचणी करणाऱ्या घरांतली मुलं, चार वर्ग आणि आम्ही दोघं. बाई बोरी बुद्रुकच्या, निवृत्तीला वर्ष उरलेलं. एरवी पुस्तकी बोलायच्या, चिडल्या की बोरीची बोली तोंडात यायची. त्या वर्षी ती रोज यायला लागली.

कारणच तसं होतं. हजेरीचं ॲप एक, खिचडीचं दुसरं, चाचणीचं तिसरं. एका कंपनीनं टीव्ही दिला, एका संस्थेनं टॅब दिले, ते बघून दुसऱ्या संस्थेनं आणखी टॅब दिले. प्रत्येकाचं प्रशिक्षण वेगळं, पासवर्ड वेगळा आणि वाचन शिकवायची तऱ्हाही वेगळी. टीव्ही 'क, ख, ग'पासून सुरू करायचा, पहिला टॅब 'म, र, क'पासून आणि दुसरा अक्षरं बाजूला ठेवून सरळ गोष्टच सांगायचा. सगळ्यांना रोज फोटो हवेत आणि फोटो जाण्याइतकी रेंज फक्त वरच्या खिंडीत. एक शिक्षक फोटो पाठवायला डोंगर चढला की खाली चारही वर्ग एकट्या माणसाच्या गळ्यात.

तालुक्याच्या प्रशिक्षणात बाई उठून शिक्षण खात्याच्या साहेबांना म्हणाल्या, "सायेब, तुमी समदी मिळून एक काय ते ठरवा, आमी जीव लावून शिकवू. पोरगं एक आन् वढणारे तीन, त्यानं जायचं कुठं?" साहेब म्हणाले, "बाई, बदल स्वीकारायला शिका." सभागृह हसलं. मीही हसलो.

तिसरीतली मंजुळा याच ओढाताणीत सापडली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण कान तिखट. टॅबमधली गोष्ट ऐकून ऐकून तिला तोंडपाठ झाली होती. मला ते कळलं होतं. तरी मी चाचणीच्या ॲपमध्ये तिच्यापुढे 'वाचते' असं भरून टाकलं. सगळी मुलं वाचतात असं दाखवायचं होतं मला.

दिवाळीनंतर गोष्टीचा टॅब देणाऱ्या संस्थेचे पाहुणे साहेबांबरोबर आले. मंजुळानं टॅबवर बोट फिरवत गोष्ट घडाघडा म्हटली. टाळ्या पडल्या. औटीबाई उठल्या, त्याच गोष्टीतलं एक वाक्य फळ्यावर लिहिलं आणि म्हणाल्या, "मंजुळे, एवढं वाच बाळा." मंजुळा फळ्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरले.

बाईंनी तिला पोटाशी धरलं. "सायेब, पोरीचा काय दोष न्हाई. तिला येत न्हाई, आन् तुमच्या मशिनीत येतंय म्हणून लिवलंय. आता तिला शिकवायचं कुणाच्या ध्यानात ऱ्हाईल?" मी खाली बघत होतो. कुणी भरलं, हे बाई बोलल्या नाहीत.

आठवड्यात नोटीस आली. कार्यालयाची प्रतिमा मलिन केल्याबद्दल खुलासा सादर करावा. खोटं मी भरलं आणि नोटीस बाईंना! मी चाचरत कबूल करायला गेलो तर म्हणाल्या, "ठावं हाय मला. तुमची आख्खी नोकरी म्होरं हाय, सर. गप बसा." आणि मी गप बसलो.

बाईंनी टीव्ही आणि दोन्ही संस्थांचे टॅब कपाटात घातले, किल्ली कमरेला लावली. खिचडी झाली की मंजुळाला घेऊन ओट्यावर बसायच्या आणि मातीत बोटानं तिच्या घरातले शब्द लिहायच्या. कोयता, घोंगडी, हिरडा. खुलाशासाठी दोन स्मरणपत्रं आली. बाईंनी ती बघितली न बघितलीशी केली.

एप्रिलमध्ये बाईंनी ती नोटीसच मंजुळापुढे ठेवली. मंजुळा बोट सरकवत, अडखळत, घाम पुसत वाचत गेली. "आ-पणास... कळ-वि-ण्यात येते की..." शेवटपर्यंत वाचलं पोरीनं. अर्थ तिला काडीचा कळला नव्हता. बाई माझ्याकडे वळल्या. "ह्यो माझा खुलासा. लिवा आन् धाडा वर."

मी तो धाडला नाही. बाईंचे निवृत्तीचे कागद अडकतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे माझं नाव निघेल म्हणून माझी पाचावर धारण बसली होती. मी बाईंच्या नावानं टाइप केलं, 'सदर मुलीस वाचता येत होते. माझा गैरसमज झाला. क्षमस्व.' कागद घेऊन गेलो तेव्हा बाई पोरांच्या वह्या तपासत होत्या.

"मंजुळानं वाचलं ते लिवलं ना?"

"हो बाई."

बाई आता बोरीला असतात. भेटल्या की मंजुळाची चौकशी करतात, मला जेवायला थांबवून घेतात. पोरांना एक ओळ गाळली तरी परत वाचायला लावणाऱ्या बाईंनी त्या कागदावर न वाचता सही केली, कारण तो मी आणला होता.