सावलीतला पाहुणा

बोईसरजवळच्या दगडखाणीतलं ते प्रकरण आठवलं की मला अजून राग येतो, आणि तो नक्की कोणावर काढावा हे कळत नाही. साठच्या दशकात मी पालघरला फौजदार होतो. तारापूरकडे मोठी बांधकामं निघाली होती, खडीला मागणी होती आणि खाणीत रोज सुरुंग उडत.

एका सकाळी सुरुंगाचा दगड लागून नवापूरच्या मासळीवालीचा गुडघा फुटला. सुकी मासळी घेऊन ती खाणीमागच्या पायवाटेने बोईसरच्या बाजाराला निघाली होती. त्या वाटेवर लाल झेंडा घेऊन एक माणूस उभा असे. बार उडण्याआधी ओरडून लोकांना थांबवणं एवढंच त्याचं काम. तो जागेवर नव्हता असं ठरलं तर त्याला तुरुंग होता. पंचनामा करून मी जबाब घेतले. सगळे कामगार एकच बोलले, "तो जागेवरच होता. बाईनेच ऐकलं नाही."

दवाखान्यात बाईला विचारलं. ती म्हणाली, "झेंडा तर रोजच दिसतो, साहेब. तो भाऊ आवाज देतो तवा आमी थांबतो. त्या दिशी कोणी आवाजच दिला नाय."

सगळ्यांचे जबाब शब्दाला शब्द जुळले की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते. दोन दिवसांनी खडी नेणारा लॉरीवाला ठाण्यात आला आणि हळूच म्हणाला, "साब, झंडा पेड़ से बँधा था. आदमी नहीं था."

झेंडेवाल्याला बोलावलं. सफाळ्याकडचा, चाळिशीचा. खाणीतच पाय चिरडला, म्हणून त्याला हे हलकं काम दिलेलं. मी चहा मागवला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या. कप धरताना त्याची बोटं आखडत होती. तळवे बघितले तर अर्धवट सुकलेले फोड. "झेंडा धरून फोड येतात होय रे?" असं दरडावलं, तसा तो रडायलाच लागला.

"साहेब, सगळी मला सावलीतला पाहुणा म्हणतात. बायका पाट्या वाहतात अन् हा उभ्या उभ्या पगार खातो, असं तोंडावर बोलतात. त्या दिशी माणसं कमी होती. झेंडा झाडाला बांधला अन् दगड भरायला गेलो. बार लावायची वेळ झाली, पण परत तिथं जाऊन उभं राहायची लाज वाटली."

मुकादमाला खडसावलं. तो बेफिकीरपणे म्हणाला, "तो आपण होऊन आला. कामाला आलेल्या माणसाला मी नको कशाला म्हणू?" आणि ज्यांनी टोमणे मारून त्याला जागेवरून हलवलं, तेच त्याला वाचवायला खोटं बोलले होते. असा संताप आला मला.

निष्काळजीपणाने जबर दुखापत केल्याबद्दल दोघांनाही कोर्टात उभं केलं. मुकादम सुटला. झेंडेवाल्याला शिक्षा झाली. त्या बाईला डोक्यावर पाटी पुन्हा कधी घेता आली नाही.

खाणीत कोण किती दगड फोडतो ते सगळ्यांना दिसतं. कोणामुळे दगड कोणाला लागत नाही, ते कोणी बघत नाही. पुढे कुठल्याही कारखान्यात अपघाताच्या तपासाला गेलो की यंत्राकडे वळण्याआधी मी विचारत असे, इथे चेष्टा कोणाची होते?

निकालाआधी न्यायाधीशांनी त्याला विचारलं होतं, काही सांगायचंय का. तो म्हणाला, "चूक माझीच हाय, साहेब. पण त्या दिशी बार उडायच्या आधी सगळी आडोशाला बसली, तवा त्यांनी मला चहाला आपल्यात बोलावलं. पाय गेल्यापासून पहिल्यांदा."