देवाच्या डोहातल्या चिलापी

लग्न होऊन चाकणजवळच्या या गावात आले, तेव्हा पहिल्यांदा थक्क झाले ते नदीतल्या डोहावर. सासूबाई कणकेची गोळी पाण्यात धरायच्या आणि हाताएवढे लांब, सोनेरी खवल्यांचे मासे येऊन ती त्यांच्या बोटांतून अलगद घ्यायचे. डोह देवाचा, तिथे गळ किंवा जाळं टाकायचं नाही, असा गावाचा नेम होता.

नेमाला माशामाशांतला फरक कुठे कळतो? माझा दीर नवस बोलला की कंपनीत पर्मनंट झालो तर डोहात जिवंत मासे सोडीन. झाला, आणि बाजारातल्या पिंपातून चिलापी आणून हलगीच्या तालावर सोडल्या. मग काय, शिफ्टला जाणाऱ्या प्रत्येक पोराला तोच नवस सुचला. चिलापी मूळची परदेशातली. भराभर वाढते, इतरांची अंडी नि पिल्लं फस्त करते, आणि आमच्याकडे तर तिला देवाचंच अभय! बघता बघता सासूबाईंच्या बोटांना नुसत्या चिलापीच झोंबू लागल्या. जुना मासा क्वचित दिसे, तोही थोराड.

"बारकं एक बी न्हाई. म्हंजी वंशच बुडाला की," त्या म्हणाल्या. त्यांना जेवण जाईना. शेवटी त्यांनीच देवळात गावकऱ्यांसमोर उभं राहून जाळं टाकायची परवानगी मागितली. कुरकुर झाली, पण मिळाली.

जाळ्यातली पहिली चिलापी त्यांनी पाणी भरलेल्या घमेल्यात सोडली. तिनं तोंड उघडलं आणि आतून पिल्लंच पिल्लं बाहेर पडली. तिळाएवढे डोळे सगळीकडे पळत होते. मी वाकले, माझी सावली पडली, तशी सगळी पुन्हा तिच्या तोंडात शिरली! इतकी माया मी कुठल्या जनावरात पाहिली नव्हती, आणि याच मायेच्या जोरावर तिनं डोह घेतला होता.

"आत्या, एवढी एक सोडू या," मी सासूबाईंना म्हणाले.

त्या घमेल्याशी उकिडव्या बसल्या. मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारी बाई.

"आई हाय गं ती," त्या म्हणाल्या. "पर त्या दुसऱ्यांची लेकरं कोन बघनार?"

त्यांनी घमेलं उचललं, मला हात लावू दिला नाही. नदीपासून लांब जाऊन ते तापल्या खडकावर पालथं केलं आणि तडफड थांबेपर्यंत, हात जोडून, तिथेच उभ्या राहिल्या.