अर्ध्या टाकीची ट्रायल

पाथर्डीच्या जुन्या स्टँडजवळ विजयमालाचं झेरॉक्सचं दुकान आहे. आठ बाय दहाची खोली. उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, स्कॉलरशिप, शिधापत्रिका, जे काही ऑनलाईन भरायचं ते तिथं भरून मिळतं. गिऱ्हाईक नसलं की त्याच कॉम्प्युटरवर ती रॉकेट बांधते.

खेळच आहे तो. टाक्या, इंजिनं, पाय, चाकं, खिडक्या असे सुटे भाग मिळतात. ते आपण जोडायचे, आपणच उडवायचे, आणि पडलं तर का पडलं ते आपणच शोधायचं. पहिल्या महिन्यात विजयमालाची एकोणीस यानं पडली. विसावं वर गेलं, तेव्हा समोर विम्याचा अर्ज घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याला तिनं चहा पाजला. कशाबद्दल ते काही सांगितलं नाही.

तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळी निघायची आणि श्रीगोंद्याकडच्या एखाद्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडायच्या. तिची शाळा अर्धी गावात, अर्धी बुडालेली. पण बैलांच्या टायरगाडीत उसाच्या मोळ्या कशा रचायच्या, हे तिला दहाव्या वर्षीच येत होतं. पुढं भार जास्त झाला तर बैलांच्या मानेवर येतो. मागं जास्त झाला तर गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो आणि गाडी मागच्या अंगावर बसते. म्हणून तिचे वडील, बजरंग, फडातच जू हातानं उचलून तोल बघायचे. एकदा जमला की कारखान्याच्या काट्यापर्यंत परत बघायचं काम नाही. वाटेत ऊस काही कमी होत नसतो.

यान बांधतानाही विजयमाला तसंच करायची. सगळा भार भरायचा, तोल बघायचा, मग निघायचं.

नूरमहंमद चाचा तिला दुकानातच भेटले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं फिटर होते, त्यातली बावीस पाथर्डी डेपोत. पेन्शनच्या कागदांसाठी आले आणि तिच्या पडद्यावर उभं असलेलं यान बघून खुर्ची पुढं ओढून बसले.

"हिचे पाय बारीक झालेत," ते म्हणाले. "उतरताना मोडतील."

"तुमाला काय म्हाईत चाचा, ही काय बस हाय का?"

"बस न्हाई. पण वजन हाय ना? मग मोडतील."

मोडले. तेव्हापासून चाचा तिचे झाले. पुढं ते नगरला पुतण्याकडं राहायला गेले आणि तिथंही हाच खेळ घेऊन बसले. पुतण्या परवेझ आयटीआयमध्ये शिकवतो, तोही आला. तिघांनी मिळून एकच खेळ चालवायचा ठरवलं. विहिरीच्या पाण्याची असते तशी पाळी लावली. आठ दिवस चाचांचे, आठ परवेझचे, आठ हिचे. चाचांचा इंटरनेटवर भरवसा नाही. ते पेनड्राईव्ह पाकिटात घालून पाथर्डीच्या गाडीला कंडक्टरकडं देत, आणि विजयमाला स्टँडवर जाऊन घेत असे.

नियम चाचांचे, वर्कशॉपमधले. ज्यानं गाडी दुरुस्त केली तो ट्रायलला गाडीत बसणार. म्हणून ज्यानं यान बांधलं त्याच्या नावाचा अंतराळवीर त्यात बसवायचा. दुसरा नियम, पडलं की पडलं. मागं जाऊन परत खेळायचं नाही. "घाटात ब्रेक गेला तर मागच्या स्टॉपवरून परत सुरू करता येतं काय?" चाचा विचारायचे. तिसरा नियम परवेझनं घालून घेतला. लाईट गेली आणि कॉम्प्युटर मधेच बंद पडला, तर ते धरायचं नाही, तेवढ्यापुरतं मागून परत खेळायचं. तेवढं आपल्याकडं मान्य करायलाच लागतं.

आठ महिन्यांत त्यांनी खेळातल्या एका लांबच्या तांबड्या ग्रहावर तीन माणसं उतरवली. नूर, परवेझ आणि बजरंग. तिसरं नाव विजयमालानं वडिलांचं दिलं होतं. वडील गावी ओट्यावर बसून म्हणाले, "मला तिकडं नेऊन टाकलंस व्हय. मुकादम कोण हाय तिथं?" त्या जागेला तिघं छावणीच म्हणत. छावणीच्या यानाला बाजूनं जोडलेली एक प्रयोगशाळा होती, सहा खिडक्यांची, आतून जिना, वर सोलरची फिरणारी छत्री. ती चाचांनी दोन महिने खपून बांधली. त्यांना काचबिंदू झालाय. एका डोळ्याची कड गेलीच होती, दुसऱ्याची जात चालली होती. पडद्याला नाक लावून एकेक खिडकी त्यांनी बसवली आणि शेवटची बसवल्यावर सांगून टाकलं, आता बांधणं बास, आता तुम्ही उडवा, मी ऐकतो.

मग घोळ असा झाला की, उतरताना परवेझकडून तेल जास्त गेलं. छावणीच्या यानात परत यायला तेल उरलं नाही. माणसं तिथंच अडकली. त्यांच्यासाठी तेलाचा टँकर न्यायचा होता आणि पाळी विजयमालाची होती.

टँकर तिनं लांबोडका बांधला. एक टाकी पुढं, एक मागं, मधे चार इंजिनं. घरच्या जमिनीवर उचलून पाहिला, अर्धं मिनिट अधांतरी धरला, उतरवला. पाण्याचा पेला ठेवला असता तर सांडला नसता.

"भरल्या टाकीची ट्रायल झाली," चाचा फोनवर म्हणाले. "अर्ध्या टाकीची घेतलीस का?"

त्या दिवशी स्कॉलरशिपची शेवटची तारीख होती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती.

"घेतली चाचा," ती म्हणाली.

घेतली नव्हती. तिच्या मनात आलं, भरलेला टँकर तोलात आहे, तर अर्धा का नसेल?

उतरवायचा दिवस मंगळवार होता. दुपारचे तीन वाजले होते. सकाळीच मढीच्या कानिफनाथांचा अंगारा कपाळाला लावून ती आली होती. खेळासाठी नाथांकडं काही मागायचं नाही, असं तिनं ठरवलेलं होतं. ती नुसतं नाव घ्यायची. फोन स्पीकरवर टाकून तिनं स्टेपलरला टेकवून ठेवला. पलीकडं चाचा होते. दुकानात एकच गिऱ्हाईक होतं, आक्काबाई. हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा द्यायचा होता आणि खुरपून खुरपून अंगठ्याच्या रेषाच गेलेल्या. मशीन चार वेळा नाही म्हणालं होतं.

"म्या जिती हाय हे त्याला दिसंना का?" आक्काबाई म्हणाली.

"जरा दम घ्या आक्का. सर्व्हर बी बंद हाय. धा मिनिटांनी परत बघू."

आक्काबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. विजयमालानं टँकर खाली सोडला.

पहिली तीन मिनिटं सगळं सरळ चाललं. ती उंची वाचत होती, चाचा पलीकडून हुं म्हणत होते. मग पंखा थांबला. लाईट गेली होती. कोपऱ्यातला यूपीएस टीं टीं करायला लागला. त्याची बॅटरी बारा मिनिटं चालायची आणि उतरायला अजून सहा लागणार होती. तिनं हिशोब केला आणि हात हलू दिला नाही.

सात हजार मीटरवर टँकरचं नाक वर गेलं.

तिनं खाली दाबलं. आलं. परत वर गेलं, आधीपेक्षा जास्त. तिनं टाक्यांचे आकडे बघितले. पुढची टाकी जवळजवळ रिकामी, मागची भरलेली. इंजिनं आधी पुढचं तेल पीत आली होती. गाडी उलाळ झाली होती. तोल फडात बघितला होता आणि ऊस वाटेत संपत आला होता.

नाक आणखी उचललं. आता टँकर शेपटावर पडणार, टाकी फुटणार, आणि छावणीतली तिन्ही माणसं कायमची तिथंच.

"ह्ये काय बोंबलतंय गं मघापासून?" आक्काबाईनं विचारलं.

"बॅटरी हाय, आक्का."

"मग बंद कर की. कान किटले." आक्काबाई वाकली. यूपीएसचं लाल बटण तिच्या हाताशीच होतं. तिनं बोट त्यावर ठेवलं. "हेच ना?"

विजयमालाला एवढंच करायचं होतं की काही बोलायचं नाही. बटण दाबलं जाईल, पडदा काळा होईल, आणि लाईट आल्यावर खेळ उतरायच्या आधीपासून सुरू होईल. टँकर वर फिरत असलेला, वेळ हातात, तेल सावकाश सारखं करून घेता येईल. लाईट गेली होती हे खरंच होतं. नियमात बसत होतं. तिनं तर बटण दाबलंही नसतं.

"आक्का, हात लावू नका," ती म्हणाली.

आक्काबाईनं बोट काढलं.

"चाचा, मी खोटं बोलले. अर्ध्या टाकीची ट्रायल घेतली न्हवती. नाक वर चाललंय."

पलीकडं एक श्वास ऐकू आला. "बॅटरीचा आवाज येतोय तो तुझ्याकडचा का?"

"व्हय."

"किती मिनिटं टिकंल?"

"नऊ."

"अन् जमिनीला किती?"

"तीन."

तिसरा नियम चाचांनाही पाठ होता. तरी ते म्हणाले, "बघ बेटी. गाडी घाटात हाय. मागचं तेल पुढं घे. घेईपर्यंत नाक दाबून धर. घाई केलीस तर उलटी पडंल."

दोन्ही टाक्या उघडून तिनं तेल पुढं वळवलं. ते इतकं हळू चाललं होतं की आकडे हलतात का नाही ते कळेना. एका हातानं ती नाक दाबत होती, दुसऱ्यानं इंजिनं वाढवत होती, आणि वाढवली की तेल जळत होतं. चार हजार. अडीच हजार. टँकर डावीकडं कलला, सावरला. आक्काबाई उठून तिच्या मागं येऊन उभी राहिली होती. तिला काही कळत नव्हतं, पण तीही पडद्याकडं बघत होती.

"आठशे," विजयमाला म्हणाली. "नाक अजून वरच हाय."

"किती?"

"बोटभर."

"बोटभर चालतंय. पाय जाड केलेस ना?"

"केलेत."

"मग ठेव खाली."

मागचे दोन पाय आधी टेकले. टँकर पुढं आपटला, उडाला, परत आपटला. एक पाय मोडला. धुरळा बसेपर्यंत ती पडद्याकडं बघत राहिली. टाक्या फुटल्या नव्हत्या. तिनं खेळ नोंदवून ठेवला. बॅटरी संपायला अजून वेळ होता, तरी तिनं कॉम्प्युटर बंद केला.

"उतरला," ती फोनवर म्हणाली.

"तेल किती राहिलं?"

"ते बघितलं न्हाई. भ्या वाटलं."

लाईट साडेचारला आली. आधी आक्काबाईचा अंगठा. या खेपेला तो लागला. "बघ, हाय म्हणतंय मला," आक्काबाई म्हणाली आणि कागद पिशवीत घालून गेली. मग विजयमालानं खेळ सुरू केला, टँकरची नळी छावणीच्या यानाला जोडली आणि चाचांना फोन लावला.

"दोनशे एकाहत्तर," ती म्हणाली.

वर जायला तीनशे चाळीस तेल लागणार होतं, हे त्यांना दोघांनाही पाठ होतं. टँकरमधली विजयमाला धरून चार माणसं झाली होती. तेल तर वाटेत नाक दाबून धरण्यात जळलं होतं.

"दुसरा टँकर आणते," ती म्हणाली. "माझी पाळी अजून पाच दिवस हाय."

"तिथं पोचायला किती लागतं? दोन्ही ग्रह परत जवळ यायला अजून दोन वर्षं जातील खेळातली. छावणीतला हवेचा साठा चाळीस दिवसांचा. वजन कमी करायला लागंल."

"शिड्या काढते. खुर्च्या, दिवे."

"त्यानं काय व्हतंय? वीस-पंचवीसचा फरक."

वजन कुठं आहे ते दोघांना माहीत होतं. सहा खिडक्या, जिना, छत्री.

"चाचा, त्या वेळी आक्काबाईला बटण दाबू दिलं असतं तर..."

"तर मला कळलं नसतं," चाचा म्हणाले. "अन् तू मला हे सांगितलंबी नसतंस. मग पुढच्या टायमाला तू ट्रायल झाली म्हणल्यावर मी काय समजायचं?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता, पण मऊही नव्हता. "सोड ती. बोल्ट कुठं हाय म्हाईत हाय ना?"

"वरच्या कड्याला."

"खालच्या. वरचा सोडलास तर छत्री यानावर पडंल."

तिनं खालचा बोल्ट शोधला. हात एकदा मागं घेतला, मग दाबला. प्रयोगशाळा सुटली, जरा झुकली आणि तांबड्या मातीत सरळ उभी राहिली. इंजिनं लागली. हलकं झालेलं यान चार माणसं घेऊन वर निघालं.

"सांग," चाचा म्हणाले.

"शंभर मीटर. सरळ चाललंय. तेल पुरंल."

"ते न्हाई. खाली सांग."

विजयमालानं पडद्यावरची नजर खाली वळवली. "उभी हाय. उन्हाकडं छत्री फिरतीय. एका खिडकीत दिवा लागलाय."

"कुठल्या?"

"दारावरच्या."

"ती सगळ्यात शेवटी बसवली." पलीकडं घरात कुणीतरी भांडी लावत होतं. "अजून दिसतीय?"

"बारीक."

"आता?"

तिनं पडद्यावरचं चित्र मोठं करून बघितलं. खोटं बोलणं सोपं होतं, आणि त्यांना ते आवडलंही असतं.

"आता न्हाई दिसत, चाचा."

"बरं," ते म्हणाले. "मग वरचं बघ."