चिंधी बांधलेलं वाळूक

बायकोचं माहेर कर्जतकडचं, कोरडवाहू. लग्नानंतर तिच्यासोबत आमच्या नेवाशाच्या मळ्यात जे काही आलं, त्यातली भांडी झिजली, कपाट गंजलं. टिकलं ते तिच्या आईनं पदराला बांधून दिलेलं वाळकाचं बी. वाळूक म्हणजे काकडीचं रांगडं भावंड. दरवर्षी ती घराजवळ दोन वेल लावते, शेवटची दोन फळं बियाण्यासाठी वेलावरच पिकू देते आणि त्यांच्या देठाला चिंधी बांधते. चिंधी दिसली की घरात कुणी त्या फळाला हात लावायचा नाही. मी मात्र पहिल्यापासून तिला चिडवत आलोय, "उसाच्या गावात वाळूक कोण खातंय?"

गेल्या दिवाळीनंतर त्या दोनातलं एक गायब झालं. आळ शेजारणीच्या शेळीवर गेला. शेळीला आणि शेजारणीला भरपूर ऐकवून झाल्यावर बायकोनं उरलेल्या वाळकाच्या बिया शेणात कालवून परसातल्या भिंतीवर थापल्या. तिच्या माहेरी बी असंच ठेवतात, कीड लागत नाही म्हणे.

पौषातल्या एका सकाळी माझा बंब पेटेना. लाकडं दवानं ओली. भिंतीवर मस्त वाळलेली गोवरी दिसली, ती घातली आत. तडतड आवाज आला तेव्हा मी स्वतःवर खूश झालो, काय झकास पेटलंय!

आंघोळ करून बाहेर आलो तर बायको मोकळ्या भिंतीपुढं उभी. आता आपली खैर नाही, असं वाटलं. पण ती ओरडलीच नाही.

"आईचं तेवढंच हुतं माझ्याकडं," म्हणाली आणि आत गेली.

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. मेव्हण्यानं सगळ्या रानात लिंबं लावलेली, तिकडंही बी मिळणार नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भरपाई म्हणून दुकानातून काकडीच्या बियाण्याचं पाकीट आणलं. औषध लावलेलं, गुलाबी बी. तिनं तळहातावर घेऊन पाहिलं. "हे पेरायचं का रंगपंचमीला उधळायचं?"

आषाढात गोठ्यामागच्या उकिरड्यावर एक वेल वर आला. बायकोनं पान चुरगाळून हुंगलं आणि तिथंच मटकन बसली. "आईचंच हाय वो हे!" डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. मग तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं, "शेळीनं खाल्लं आन् लेंड्यांतनं उगवलं. लई बोलले मी त्या मुक्या जिवाला."

त्या दिवसापासून शेळीची चैन सुरू झाली. रोज घासाची कोवळी पेंढी, वर कपाळाला कुंकू. मी गप्प बसलो असतो तर सगळं निभावलं असतं. पण माझं श्रेय एक शेळी खातेय, हे तीन दिवसांच्या वर मला सोसेना.

"शेळीनं नाही, मी खाल्लं," मी म्हणालो. "गोठ्यामागं उभा राहून. बिया तिथंच थुंकल्या."

"तुमी? वाळूक?"

"दरवर्षी एखादं खातो चोरून. चिंधीवालं तेवढं पहिल्यांदाच. राहवलं नाही, फार गोड लागतं गं."

दोन दिवस अबोला. शेळीची पेंढी मात्र चालूच राहिली.

भाद्रपदात पहिलं वाळूक पिकलं. बायकोनं ते चिरलं, अर्धं माझ्यापुढं ठेवलं आणि अर्धं घेऊन समोर बसली.

"आता हितं बसून खा," ती म्हणाली, "आन् बिया ताटात टाका."